मॉरिशसचे बेट आणि दोन घाट



आपण लोणावळा-खंडाळ्याकडची माणसे. पाहुणा कसा असतो, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पावसाने जोर धरला, डोंगरावरून पाण्याच्या धारा सुटल्या, की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसे येथे लोटतात. भुशीच्या पायऱ्यांवर भिजतात, राजमाचीकडे तोंड करून धुके पाहतात, गरम भजी खातात, चिक्कीचे पुडे बांधून घेतात आणि दिवस मावळताना परत फिरतात. त्यांच्याबद्दल आपली तक्रार नाही. गावातली पुष्कळ घरे त्यांच्यावर चालतात. तरी गावकरी म्हणून आपल्या मनात एक गोष्ट राहून जाते : ह्या माणसाने धबधबा पाहिला, गाव काही पाहिले नाही.

आज आपण बाजू बदलू. आज पाहुणे आपण. आणि जायचे आहे ते हिंदी महासागरातल्या मॉरिशस ह्या बेटावर. अलीकडे आपल्याकडची नवविवाहित जोडपी, निवृत्त मंडळी तेथे सहलीला जाऊ लागली आहेत. मुंबईहून विमान सहा-सात तासांत तेथे उतरते. सहलीच्या पत्रकांत निळे पाणी, पांढरी वाळू आणि "निवांत, एकान्त बेट" असे शब्द असतात. ते खोटे नाहीत. पण ते अर्धे आहेत. उरलेले अर्धे काय, आणि ते आपल्याशी कसे येऊन भिडते, एवढेच मला आज सांगायचे आहे.

प्रथम बेट कोठे आहे ते पाहू. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर, त्याच्याही पूर्वेला मॉरिशस. विषुववृत्ताच्या दक्षिणेला वीस अंशांवर. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद-दुसऱ्या मोठ्या तालुक्याएवढे. भोवती पोवळ्यांचे कडे आहे, त्यामुळे मोठ्या लाटा बाहेरच फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे राहते. मध्यभागी पठार, कडेला काळ्या खडकाचे तुटक डोंगर.

हा काळा खडक पाहून आपल्याला घरची आठवण व्हावी, आणि तसे होण्याला शास्त्रीय कारण आहे. भूशास्त्रज्ञांचे मत असे, की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होता आणि पृथ्वीच्या पोटातल्या एका तप्त स्रोतावरून तो सरकत चालला होता. त्या काळी भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर साचले, आणि दख्खनचा हा पाषाण तयार झाला. लोहगड, विसापूर, राजमाची ह्याच पाषाणाच्या छातीवर उभे आहेत. भूखंड उत्तरेला निघून गेला, स्रोत मागे राहिला. त्याच स्रोताने पुढे मालदीव आणि चागोस ह्या बेटांचे पायथे रचले, आणि सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर काढले. आज तो स्रोत शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, आणि तेथला ज्वालामुखी अजून जागा आहे. तात्पर्य, कार्ल्याचा कातळ आणि मॉरिशसचा कातळ एकाच चुलीवरचे आहेत. आपण येथले थोरले, ते धाकटे.

आता माणसांकडे वळू. ह्या बेटावर मूळचे रहिवासी कोणीच नव्हते. १५९८ साली डच दर्यावर्दी उतरले. त्यांनी आपल्या राजपुत्राचे, मॉरिसचे नाव बेटाला दिले. १६३९ साली त्यांनी जावा बेटावरून ऊस आणून लावला. उडता न येणारा, भाबडा डोडो पक्षी ह्याच बेटावरचा. माणसे आणि त्यांच्याबरोबर आलेले उंदीर, डुकरे, माकडे ह्यांच्यापुढे तो शंभर वर्षेही टिकला नाही. १७१० साली डच बेट सोडून गेले. पाठोपाठ १७१५ साली फ्रेंचांनी ताबा घेतला. पोर्ट लुई हे बंदर त्यांनी बांधले, साखरेचे कारखाने घातले. मजूर कोठून आणायचे? मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून माणसे पकडून, विकत घेऊन आणली गेली. त्यांना गुलाम म्हणत.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मोर्न नावाचा एक उभ्या कड्यांचा डोंगर समुद्रात घुसलेला आहे. आपल्याकडच्या माणसाला तो पाहताच एखादा दुर्ग वाटेल. पळालेले गुलाम त्याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. तेथे एक आख्यायिका सांगतात. गुलामगिरी संपली, ही बातमी सांगायला शिपाई डोंगराखाली आले. वरच्या लोकांना वाटले, आपल्याला धरायलाच आले. परत साखळदंडात जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. इतिहासकार ह्या कथेला पुरावा मागतील, आणि तो मागावाच. परंतु एखाद्या समाजाने ही कथा जपून ठेवावी, एवढ्यावरून त्या समाजाने काय सोसले ते कळते. २००८ साली युनेस्कोने ह्या डोंगराला जागतिक वारशाच्या यादीत घातले. आज त्याच्या पायथ्याशी मोठी हॉटेले आहेत, आणि पर्यटक त्याच्याकडे पाठ करून आपले छायाचित्र काढून घेतात.

१८१० साली इंग्रजांनी बेट जिंकले. १८२५ साली इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरची जकात कमी करून वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी केली. साखर एकदम परवडू लागली आणि जिकडेतिकडे ऊस झाला. पुढे १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावर गुलामगिरी कायद्याने बंद झाली. त्या वेळी गुलामांची संख्या सुमारे ६६,००० होती. ब्रिटिश सरकारने नुकसानभरपाई म्हणून सुमारे २१ लाख पौंड दिले. कोणाला? मळेवाल्यांना. त्यांचा "माल" गेला म्हणून. ज्यांच्या पिढ्या मळ्यावर गेल्या, त्यांना एक पैही मिळाली नाही. उलट आणखी चार वर्षे "उमेदवारी"च्या नावाखाली त्यांना त्याच धन्याकडे राबावे लागले. ती मुदत संपताच बहुतेकांनी मळे सोडले. शहाणपणाचेच केले!

ऊस उभा, कारखाने उभे, भरपाईचा पैसा हातात, आणि तोडायला हात नाहीत. तेव्हा मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी "ॲटलास" नावाचे जहाज कलकत्त्याहून ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत हिंदुस्थानातून साडेचार लाखांहून अधिक माणसे ह्या लहानशा बेटावर नेली गेली. सुमारे एक तृतीयांश परत आली, बाकीची तेथलीच झाली. इंग्रज सरकार ह्याला "महान प्रयोग" म्हणत असे. गुलामांच्या जागी करारावर आणलेले मजूर घालून साखर निघते का, हे पाहण्याचा प्रयोग. मॉरिशसमध्ये तो यशस्वी ठरला, आणि मग गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथवर तो पोहोचला. "ॲग्रीमेंट" ह्या शब्दाचे "गिरमिट" झाले आणि करारावर गेलेला माणूस "गिरमिटिया" झाला.

करार कसा असे? साधारणपणे पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, कपडा. कागदावर वाईट दिसत नाही. पण एक दिवस कामावर आले नाही, तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. आजारी माणसाची यात काय गत होत असेल ते आपणच समजून घ्या. करार संपला तरी सुटका नव्हती. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो घरी विसरला तर "भटक्या" म्हणून अटक होई. १८७१ साली नऊ हजारांवर मजुरांनी ह्याविरुद्ध अर्ज केला. तो लिहून द्यायला आदोल्फ द प्लेवित्झ नावाचा एक युरोपियन गृहस्थ पुढे आला, त्यासाठी त्याने आपल्या लोकांचा रोष पत्करला. पुढच्या वर्षी चौकशी आयोग आला आणि मजुरांची गाऱ्हाणी पुष्कळशी खरी ठरली. मळ्यावरच्या मुकादमाला तेथे "सरदार" म्हणत. मावळच्या मातीत ज्या शब्दाला केवढा मान, तो शब्द समुद्रापलीकडे मजुरांच्या पाठीवर कसा गेला, ह्याचाही विचार करावासा वाटतो.

आता आपल्या माणसांबद्दल. ह्या साडेचार लाखांतली बहुसंख्य माणसे कलकत्ता आणि मद्रास ह्या बंदरांतून गेली. मुंबई बंदरातून गेलेली थोडी, शेकडा सात-आठच्या घरातली. त्यांत रत्नागिरी, सावंतवाडीकडची आणि सातारा-कोल्हापुराकडची मराठी माणसे होती. बहुतेक एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गेली. त्यांच्याही आधी मुंबई इलाख्यातले काही कैदी जन्मठेपेवर तेथे धाडले गेले होते. बेटावरचे रस्ते त्यांनी बांधले. १८३६ साली चार्ल्स डार्विन आपल्या जगप्रवासात मॉरिशसला थांबला, तेव्हा हे हिंदी कैदी त्याच्या नजरेत भरले आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात त्यांच्याबद्दल आदराने लिहिले.

येथे मला आपल्या दाराशी परत यायचे आहे. मराठी माणूस मुंबईच्या धक्क्यावरून उसाच्या बेटाकडे जात होता, त्याच वर्षांत आपल्या ह्या खिंडीत काय चालले होते? १८५६ साली बोरघाटातल्या रेल्वेचे काम सुरू झाले. सुमारे अठराशे फुटांचा चढ, वीस-पंचवीस बोगदे, खोल दऱ्यांवरचे पूल. १८६१ च्या जानेवारीत ह्या एका घाटात ४२,००० हून अधिक मजूर राबत होते. पटकीने, तापाने, सुरुंगांनी, कडे कोसळून हजारो मेले. १८६३ साली गाडी सुरू झाली. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येऊन थोड्याच दिवसांत वारला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने काम पुरे करवून घेतले, हे पुस्तकांत आहे. बोगदा खणणाऱ्या एकाही मजुराचे नाव आपल्याला माहीत आहे का?

दुष्काळ, सारा, सावकार, हातची गेलेली जमीन ही कारणे दोन्हीकडे सारखीच. कोणी घाट चढून खंडाळ्याला आला, कोणी धक्का उतरून जहाजात बसला. आणि योगायोग पाहा, पोर्ट लुईच्या बंदरात ही माणसे ज्या ठिकाणी उतरत, त्याचेही नाव घाटच. पूर्वी त्याला "कुली घाट" म्हणत, आता "आप्रवासी घाट" म्हणतात. १८४९ पासून तेथे मजुरांचा तळ होता. दगडी सोळा पायऱ्या अजून शाबूत आहेत. जहाजातून उतरलेला प्रत्येक माणूस त्या सोळा पायऱ्या चढून आत जाई, तेथे त्याची नोंद होई आणि मग मळ्याकडे रवानगी. २००६ साली ही जागाही जागतिक वारसा ठरली. पर्यटकाला त्या पायऱ्या पाहायला पाच मिनिटे पुरतात. पाच मिनिटांत परतू नये, एवढेच माझे सांगणे.

तेथे गेलात तर काय पाहावे, हे आता थोडे सविस्तर सांगतो.

आप्रवासी घाटापासून आरंभ करावा. मग मोका गावी महात्मा गांधी संस्था आहे, तेथे मजुरांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव. पुढे पुढे छायाचित्रही. आज मॉरिशसचा एखादा गृहस्थ आपल्या खापरपणजोबाचा शोध घेतो तो ह्याच वह्यांच्या आधाराने. गोऱ्या कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे त्याने नाव लिहिले, बापाचे नाव आडनावाच्या जागी पडले आणि तेच पिढ्यान् पिढ्या चालू राहिले. म्हणून तेथल्या मराठी माणसाचे आडनाव ऐकून आपल्याला त्याचे घराणे कळणार नाही.

मग उसाच्या शेतात जावे. जून ते डिसेंबर हा तोडणीचा हंगाम. डिसेंबर ते मार्च वादळांचे दिवस, ते शक्यतो टाळावेत. शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे प्रचंड ढीग दिसतील, काही पायऱ्यापायऱ्यांनी रचलेले. नवख्याला ती जुनी देवळे वाटतात. ती देवळे नाहीत. ऊस लावण्यासाठी जमीन मोकळी करताना गुलामांनी आणि नंतर गिरमिटियांनी हातांनी उचललेले हे दगड आहेत. मावळात खाचर करताना ज्याने कधी दगड वेचून बांध घातला असेल, त्याला त्या ढिगाची किंमत सांगावी लागणार नाही. जागोजाग जुन्या कारखान्यांची एकाकी धुराडी उभी आहेत. १८५८ च्या सुमारास बेटावर अडीचशेहून अधिक कारखाने होते. आज ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. बो प्लां येथला कारखाना १९९९ साली बंद झाला. त्याचे आता साखरेचे संग्रहालय केले आहे, ते अवश्य पाहावे.

शेवटी पश्चिमेकडे, ब्लॅक रिव्हर म्हणजे काळी नदी ह्या जिल्ह्यात जावे. मराठी वस्ती ह्या बाजूला आणि व्हाकोआच्या परिसरात बरीच आहे. सगळ्या बेटाची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख, त्यांत भारतीय वंशाचे दोन तृतीयांश, आणि मराठी समाज काही हजारांचाच. तरी गणेशचतुर्थीला साऱ्या देशात सरकारी सुट्टी असते! गणपतीपुढे कोकणातली जाखडी नाचतात, तेथे तिला "झाकरी" म्हणतात. १९९१ साली दुसरी जागतिक मराठी परिषद मॉरिशसमध्ये भरली होती. देशाचे नाणेही "रुपया"च आहे. हिंदी मजुरांच्या कमरेला बांधून गेलेला रुपया इतका चालू झाला, की १८७६ साली सरकारला तोच अधिकृत करावा लागला.

परंतु एका गोष्टीची मनाची तयारी करून जावे. आपण मराठीत बोलू लागलो, तर समोरचा बहुधा क्रेओल भाषेत उत्तर देईल. ही फ्रेंचपासून निघालेली भाषा गुलामांनी मळ्यावर घडवली, आणि आज साऱ्या बेटाची बोली तीच आहे. मराठी तेथे शाळेत शिकवतात, देवळात ऐकू येते, आरतीत राहते, घरात फारशी उरलेली नाही. आपल्यातला एखादा पाहुणा अशा वेळी "मराठी विसरलात की!" असे म्हणून मोकळा होतो. असे म्हणू नये. दीडशे वर्षांपूर्वी ती माणसे गेली, तेव्हा मागून कोणी पत्र पाठवले नाही, पुस्तक पाठवले नाही, शिक्षक पाठवला नाही. निरक्षर बायाबापड्यांनी तोंडी जेवढे नेले, तेवढे त्यांनी जपले. विसरण्याचा दोष वाटायचाच झाला, तर आपल्या वाट्याला थोडा अधिक येईल.

केवळ करुणेने पाहण्यासारखाही हा समाज नाही. मजुरांनी पैपै साठवून मळेवाल्यांनी विकायला काढलेल्या जमिनीचे तुकडे घेतले आणि ते स्वतः ऊसवाले झाले. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना तेथे काही दिवस राहिले. मुलांना शिकवा आणि राजकारणात लक्ष घाला, असे त्यांनी सांगितले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रेचा दिवस मुद्दाम निवडला होता. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे बिहारहून आलेल्या एका गिरमिटियाचे चिरंजीव. आणि त्या देशात दोन सुट्ट्या आहेत : १ फेब्रुवारी, गुलामगिरी संपल्याचा दिवस, आणि २ नोव्हेंबर, मजूर आल्याचा दिवस. आपल्या पूर्वजांचे कष्ट पंचांगात लिहून ठेवणारे देश जगात थोडे आहेत.

आता "शांत, एकान्त" ह्या शब्दांकडे परत येतो. हिंदी महासागरात मॉरिशसहूनही एकान्त अशी बेटे आहेत, चागोसची. तेथे नारळाचे मळे होते, मळ्यांवर पिढ्यान् पिढ्यांची वस्ती होती. १९६५ साली, मॉरिशस स्वतंत्र होण्यापूर्वी, ब्रिटनने ही बेटे त्याच्यापासून तोडून घेतली. त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ व्हायचा होता. १९७३ पर्यंत तेथली सारी माणसे हलवून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये आणून टाकली. २०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ही तोडणी बेकायदा असल्याचा अभिप्राय दिला. त्या बेटांच्या बऱ्याच किनाऱ्यांवर आज पूर्ण शांतता आहे. कारण माणसेच नाहीत.

आणि फार लांब कशाला? पलीकडे मुळशीचे पाणी पाहा. किती निवांत! काठावर बसावे, बदके पाहावीत. पण १९२१ साली ह्याच पाण्यासाठी मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. आपली भातशेते, घरे, देवळे बुडू नयेत म्हणून. ती बुडाली. त्या तळ्याच्या शांततेखाली गावे आहेत.

मी सुंदर जागी जाऊ नका, असे सांगायला उभा नाही. जरूर जा. समुद्रात डुंबा, उसाचा रस प्या, कोणाच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तेथे साजरा करा. फक्त एक नेम ठेवा. कोणतीही शांत जागा पाहिली, की मनाला एक प्रश्न विचारावा : येथे पूर्वी कोण राबत होते, आणि ती माणसे आता कोठे आहेत? ज्या पाहुण्याने हा प्रश्न विचारला त्याला यजमान घरात घेतो. ज्याने विचारला नाही तो ओसरीवरूनच परत जातो. आपल्या गावात आलेल्या पाहुण्यांवरून हे आपण रोज पाहतो आहोत.

आणि ह्या प्रश्नाचा अभ्यास करायला मॉरिशसपर्यंत जावे लागत नाही. पुढच्या वेळी मुंबईला जाताना गाडी खंडाळा सोडून उतरू लागेल, बोगद्यात अंधार होईल. तेव्हा घटकाभर हातातले काम बाजूला ठेवा आणि अंधार संपेपर्यंत त्या बेचाळीस हजारांची आठवण करा. एवढी सवय झाली, की मग त्या दुसऱ्या घाटाच्या सोळा पायऱ्या आपल्याला पाहता येतील.